म्हाताऱ्या कासवांचं तळं

गेल्या जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरच्या अंबाझरी तलावाकडून फिरून परतत होतो. रस्त्याच्या मधोमध एक कासव होतं, जेवणाच्या ताटाएवढं. पाठीवर वाळलेल्या चिखलाचा थर होता आणि मान आत ओढलेली. दोन्ही बाजूंनी दुचाक्या वळसा घेऊन जात होत्या. कॉलेजात जाणाऱ्या एका पोराने गाडी बाजूला लावली आणि आम्ही दोघांनी मिळून ते उचललं. उचलताच त्याने मागचे पाय आत घेतले आणि पोटाखालच्या दोन झडपा दारं लावावीत तशा मिटून घेतल्या. विदर्भातल्या तळ्याबोड्यांत आढळणारं हे झडपांचं कासव. उन्हाळाभर चिखलात गाडून घेतं आणि पाऊस पडला की बाहेर येऊन चालू लागतं.

पण ते पाण्याकडे निघालं होतं की पाण्यातून बाहेर, हे आम्हाला ठरवता येईना. मादी असेल आणि अंडी घालायला जागा शोधत असेल, तर तिला पाण्यात सोडणं म्हणजे तिची अर्धी वाट पुसून टाकणं. शेवटी ते ज्या दिशेने तोंड करून बसलं होतं त्याच दिशेला, रस्त्यापलीकडच्या गवतात ठेवलं. पोराने हात झटकत विचारलं, "काका, इथं किती असतील असे?"

त्या प्रश्नाचा मी पुढचे काही महिने पाठपुरावा केला. दोन कार्यालयांत गेलो, एका महाविद्यालयात गेलो, चार माहीतगार माणसांना फोन केले. सगळ्यांनी आपुलकीने ऐकलं. एका ठिकाणी पकडून आणलेल्या, जखमी होऊन आलेल्या कासवांची नोंदवही होती आणि ती नीट ठेवलेली होती. पण शहरातल्या एका तरी तळ्यात दहा वर्षांपूर्वी किती कासवं होती आणि आज किती आहेत, त्यांत पिल्लं किती आणि म्हातारी किती, असा सलग आकडा मला कुणी दाखवू शकलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हा आकडा नागपूरने आता तयार करायला घ्यावा आणि तीस वर्षं न थांबता लिहीत राहावा. तळ्यांवर आणि नाग नदीवर पुढे जो खर्च होणार आहे, त्याच्या आधी.

आपण मोजणारं शहर आहोत. व्याघ्र राजधानी म्हणवतो. २००६ साली देशभरात १,४११ वाघ होते आणि २०२२ साली ३,६८२, हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. दर चार वर्षांनी हजारो माणसं जंगलं पालथी घालतात, म्हणून ते माहीत आहे. पाणपक्ष्यांची आशियाई गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि आपल्या तलावांच्या पाळीवरही दुर्बिणी घेऊन लोक उभे असतात. वाघ दिसतो, पक्षी दिसतो. कासव पाण्याखाली असतं, श्वास घ्यायला नाकाचं टोक वर काढतं आणि खाली जातं. त्याच्यासाठी पाळीवर उभं राहून भागत नाही, पाण्यात उतरावं लागतं. आणि एकदा उतरूनही भागत नाही.

न्यूयॉर्क शहराच्या कुशीत जमैका बे नावाची खाडी आहे. एका बाजूला ब्रुकलिन, दुसऱ्या बाजूला क्वीन्स, काठावर केनेडी विमानतळ. शहराचे चार मोठे सांडपाणी प्रकल्प प्रक्रिया केलेलं पाणी याच खाडीत सोडतात. त्या पाण्यातला नायट्रोजन, वाढती समुद्रपातळी, गाळाची तूट अशा अनेक कारणांनी तिथली खारी दलदल वर्षानुवर्षं आक्रसत गेली आहे. विमानतळच मुळी चाळीसच्या दशकात दलदल भरून काढलेल्या जमिनीवर उभा राहिला. अशा जागी एक कासव टिकून आहे, डायमंडबॅक टेरापिन. पाठीच्या प्रत्येक खवल्यावर हिऱ्याच्या आकाराची वर्तुळं, करड्या अंगावर काळे ठिपके. ना पुरतं समुद्राचं, ना पुरतं नदीचं. मॅसॅच्युसेट्सपासून टेक्ससपर्यंतच्या निमखाऱ्या पाण्यातच ते राहतं. शंभर वर्षांपूर्वी श्रीमंतांच्या मेजवान्यांत त्याचं सूप इतकं चाललं की कित्येक खाड्या रिकाम्या झाल्या.

२०११ च्या जूनमध्ये दीडशेच्या आसपास टेरापिन अंडी घालायला वाळू शोधत केनेडी विमानतळाच्या धावपट्टीवर चढली आणि विमानं खोळंबली. दोन वर्षांपूर्वी, २००९ च्या जुलैत, ७८ कासवांनी असंच केलं होतं. ही बातमी जगभर गंमत म्हणून छापली गेली, आपल्या वृत्तपत्रांतही आली असेल. मला मात्र त्या बातमीमागची माणसं महत्त्वाची वाटतात. हॉफ्स्ट्रा विद्यापीठाचे रसेल बर्क आणि त्यांचे विद्यार्थी १९९८ पासून दर उन्हाळ्यात त्या खाडीतल्या बेटावर जात आले आहेत. मादी वर आली की तिची लांबी, वजन, खुणा, घरट्याची जागा, सगळं लिहायचं. मग घरट्याचं काय झालं ते पाहायचं.

पहिल्याच दोन हंगामांत त्यांना दिसलं की शंभरातली नव्वदहून अधिक घरटी रॅकूनने उकरून खाल्ली. हा मांजराहून थोडा मोठा, हाताने काम करणारा प्राणी ऐंशीच्या दशकापर्यंत त्या बेटांवर जवळपास नव्हताच. शहराच्या कचऱ्यावर पोसला गेला आणि कासवांच्या अंड्यांपर्यंत पोहोचला. आता गंमत अशी, आणि मी हा शब्द जड मनाने वापरतो, की त्याच वर्षी कुणी नुसतं बेटावर फिरायला गेलं असतं तर त्याला सगळं छान दिसलं असतं. शेकडो माद्या, ऊन, वाळू, अंडी. घरटी खाल्ली जात आहेत हे कळायला प्रत्येक घरट्यापाशी परत जावं लागतं. आणि त्याने एकूण संख्येवर काय परिणाम होतो हे कळायला दहा, वीस, पंचवीस वर्षं जावं लागतं, कारण मादी वयात यायलाच सात-आठ वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात आणि आज घरट्यात मेलेली पिढी हिशेबात दिसायला तितकाच काळ जातो.

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळा मुद्दा इथेच आहे.

कासव मरत नाही सहजासहजी. मोठं झालेलं कासव कोल्ह्याला, घारीला, कुत्र्याला बऱ्यापैकी पुरून उरतं आणि दशकानुदशकं जगतं. अंडी आणि पिल्लं मात्र भराभर मरतात. निसर्गाने हा जुगार असाच मांडला आहे: पिल्लं खूप जातील, पण आई खूप वर्षं अंडी घालत राहील. त्यामुळे एखाद्या तळ्यात प्रजनन पूर्ण थांबलं तरी वीस-पंचवीस वर्षं तळं कासवांनी भरलेलं दिसू शकतं. ऊन खाणारी कासवं दिसतात, जाळ्यात कासवं येतात, फोटो निघतात. फक्त त्यात एकही लहान नसतं. माणसांच्या भाषेत सांगायचं तर गाव नांदतं दिसतं, पण बालवाडी बंद पडून पंधरा वर्षं झालेली असतात. आपल्या पूर्व विदर्भात अशी गावं आता दाखवता येतील. गावात निदान बंद शाळेचं कुलूप दिसतं. तळ्यात तेही दिसत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीवर नेमकं हेच घडलं. युरोपीय लोकांनी शिकारीच्या हौसेसाठी नेलेले कोल्हे तिथे माजले आणि ऐंशीच्या दशकात मायकेल थॉम्पसन यांनी दाखवून दिलं की नदीकाठची नव्वद टक्क्यांहून जास्त घरटी कोल्हे खात आहेत आणि नदीत उरलीत ती बहुतेक प्रौढ कासवंच. तेव्हा कासवं दिसायला भरपूर होती. पुढे तीसेक वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा नदीच्या कित्येक पट्ट्यांत ती झपाट्याने घटलेली आढळली. इशारा तीस वर्षं आधी दिलेला होता. तो खरा ठरला हे सांगता येतं, कारण आधीचे आकडे कुणीतरी लिहून ठेवले होते.

आपल्याकडे कासवाबद्दल एक फार जुनी, सुंदर कल्पना आहे. संतांच्या वाङ्मयात ती पुन्हा पुन्हा येते: कासवी पिलांना दूध पाजत नाही, दुरून नुसत्या नजरेने पोसते. प्रत्यक्षात कासवी अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते, पुन्हा वळून पाहत नाही. पण देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव बसवणाऱ्या समाजाला नजरेने पोसणं ही गोष्ट अनोळखी नाही, असं मला वाटतं. शहरातल्या कासवांना ती नजर आता माणसाचीच लागणार आहे. वर्षानुवर्षं त्याच काठावर, त्याच महिन्यात, त्याच मोजपट्टीने.

या नजरेने काय साधतं, याची उदाहरणं आहेत. १९८७ साली डेबोरा क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या लॉगरहेड या समुद्री कासवाच्या आकड्यांची मांडणी केली. तोपर्यंत सगळा भर किनाऱ्यावरची अंडी राखण्यावर होता. त्यांचं गणित सांगत होतं की एकूण एक अंडं वाचवलं तरी ही घसरण थांबणार नाही, कारण मोठी होत आलेली कासवं समुद्रात कोळंबीच्या जाळ्यांत बुडून मरत आहेत. त्यातून ट्रॉलरच्या जाळ्याला कासव निसटून जाईल अशी जाळीदार खिडकी बसवण्याच्या सक्तीला बळ मिळालं. हीच खिडकी नाही म्हणून अमेरिकेने २०१९ पासून भारताची समुद्रातून पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं आणि आपल्या किनाऱ्यावरचे मच्छीमार त्याची झळ सोसत आहेत. कासवाच्या वहीतला आकडा इतक्या लांब जाऊन माणसाच्या चुलीपर्यंत पोहोचतो.

चेन्नईत विद्यार्थ्यांचा एक गट १९८८ पासून दरवर्षी जानेवारी ते एप्रिल समुद्री कासवांची घरटी शोधत रात्रभर किनारा चालतो, नीलांकरैपासून अड्यारच्या मुखाशेजारच्या बेसंट नगरपर्यंत. समोर शहराचे दिवे, मागे शहराचं सांडपाणी घेऊन येणारी नदी. दरवर्षी नवी मुलं येतात, जुनी शिकवतात. २०२५ च्या जानेवारीत त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची हजारहून अधिक मेलेली समुद्री कासवं वाहून आली, तेव्हा हे नेहमीचं नाही, भयंकर आहे, असं छातीठोकपणे सांगता आलं ते साडेतीन दशकं चालणाऱ्या पायांमुळे. नाहीतर "दरवर्षी थोडी मरतातच" म्हणून प्रकरण मिटलं असतं.

आणि आपल्या कोकणात? वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत एक मादी अंडी घालायला आली, तिच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूची पट्टी होती आणि पट्टीवर ०३२३३ असा क्रमांक. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर कुणीतरी रात्री वाकून ती पट्टी बसवली होती. पूर्व किनाऱ्याची कासवं आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगळी, हा समज त्या पाच आकड्यांनी हलवला. कासव आयुष्यभर आपली गोष्ट सांगत फिरत असतं. ती वाचायला कुणीतरी आधी क्रमांक घातलेला असावा लागतो.

नागपूरला समुद्र नाही. पण नाग नदी लाव्याच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरीतून शहरात शिरते, कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला, वैनगंगा प्राणहितेला, प्राणहिता गोदावरीला. म्हणजे सीताबर्डीवरून वाहणारं पाणी बंगालच्या उपसागरालाच जातं. या सगळ्या खोऱ्यात फक्त झडपांचं कासव नाही. द्वीपकल्पातल्या नद्यांमध्ये लीथचं मऊ पाठीचं कासव आहे, परातीएवढं मोठं होणारं, जगात दुसरीकडे कुठेच नसलेलं. आंतरराष्ट्रीय यादीत ते आता अतिसंकटग्रस्त आहे आणि २०२२ मध्ये पनामाच्या परिषदेत त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्याचा ठराव झाला. वाघासाठी जग आपल्याकडे बघतं. या कासवासाठीही बघायला हवं, कारण त्याचं सगळं जग आपल्याच नद्यांत आहे.

आता शहरात काय चाललंय ते पाहू. दर उन्हाळ्यात, पावसाळ्याआधी, नाग, पिवळी आणि पोरा नदीत पोकलेन उतरतात आणि गाळ उपसतात. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासून राज्यभर आहे, तळ्यांतला गाळ शेतात जातो. मी त्याच्या विरोधात नाही. २३ सप्टेंबर २०२३ ची रात्र अंबाझरीच्या खालच्या वस्त्यांत राहणारा कुणी विसरणार नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, तलाव ओसंडला, तळमजल्यांत छातीएवढं पाणी. माझ्या ओळखीच्या घरातले आजी-आजोबा पलंगावर टेबल, टेबलावर खुर्ची अशी चढण करून पहाटेपर्यंत बसले होते. नदी खोल झाली पाहिजे, वाट मोकळी झाली पाहिजे. पण झडपांचं कासव एप्रिल-मेमध्ये नेमकं त्याच चिखलात हातभर खाली झोपलेलं असतं. पोकलेनचा दात त्याला वेगळा ओळखत नाही. गाळाच्या टिप्परमधून रोज किती कासवं जातात? एक? पन्नास? मोजलेलं नाही, म्हणून शून्य धरलं जातं. गाळ काढायच्या कंत्राटात एक ओळ घालता येईल: काम सुरू होण्याआधी आठवडाभर तज्ज्ञांकडून तळाची पाहणी, सापडलेल्या कासवांची नोंद आणि एकदम सगळा तळ न खरवडता यंदा एक बाजू, पुढच्या वर्षी दुसरी. यात पुराचं काम कुठे अडतं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

दुसरी गोष्ट काठाची. सौंदर्यीकरण म्हणजे आपल्याकडे दगडी पिचिंग, सिमेंटची सरळ भिंत, वर फरशी आणि दिवे. कासवीला मातीचा उतार लागतो, वर ऊन लागणारी भुसभुशीत जागा लागते. भिंत चढून ती येणार नाही. केनेडी विमानतळावर टेरापिन धावपट्टीकडे का गेली, याचं उत्तर हेच आहे: वाळू तिथे उरली होती. तळ्याच्या चारही बाजू बांधून काढल्या तर आतली मोठी कासवं जगतीलच, पण पुढची पिढी तिथेच थांबेल. मग ते होईल म्हाताऱ्या कासवांचं तळं. दिवे लागतील, कारंजी उडतील, पाण्यात अधूनमधून एक नाक वर येईल आणि लहान मुलं आनंदाने ओरडतील. पंचवीस वर्षांनी ते नाकही येणार नाही.

फुटाळा तलाव कायद्याने पाणथळ जागा ठरतो की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२५ मध्ये न्यायालयाने तो ठरत नाही असा निकाल दिला. २०१७ च्या पाणथळ नियमांत पिण्यासाठी, सिंचनासाठी माणसांनी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत आणि नागपुरातली तळी तर जवळजवळ सगळीच बांधलेली आहेत, अंबाझरी १८७० ची. कायद्याची व्याख्या न्यायालयाने बघावी. कासवाला ती माहीत नाही. दीडशे वर्षं पाणी साठून राहिलं की तिथे शेवाळ, गोगलगाय, बेडूक, मासा आणि कासव येणारच. माझी विनंती एवढीच की तळं कोणत्या रकान्यात बसतं यावर वाद होत राहोत, त्या तळ्यात जिवंत काय आहे, याची वही तरी कुणी सुरू करावी. न्यायालयात जाणाऱ्या दोन्ही पक्षांना तिचा उपयोग होईल.

नाग नदीच्या प्रदूषणमुक्तीसाठी केंद्राने सुमारे १,९२७ कोटींचा प्रकल्प मंजूर केला आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्रं होतील, गटारवाहिन्या होतील, पाण्यातला ऑक्सिजन तपासला जाईल. नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था १९५८ पासून याच शहरात आहे, पाणी तपासण्यात आपण कमी नाही. पण पाण्याची बाटली त्या दिवसाचं पाणी सांगते. ते पाणी वीस वर्षं जीव वाढवतंय का, हे कासवाच्या वयांची यादी सांगते. इथे एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. झडपांचं कासव बऱ्यापैकी घाण पाण्यातही तगतं, मेलेलं खाऊन तळं साफच करतं. म्हणून "कासव दिसलं म्हणजे नदी शुद्ध झाली" असं कुणी उद्घाटनाच्या भाषणात म्हटलं तर ते खरं धरू नका. लहान कासवं दिसली का, ते विचारा.

याला उत्तर म्हणून मला नेहमी दोन गोष्टी ऐकायला मिळतात. पहिली, शहरात माणसांना नीट पाणी नाही, रस्त्यांत खड्डे आहेत, तिथे कासवांचं काय घेऊन बसलात. मी हे हसण्यावारी नेत नाही, ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याला हे म्हणायचा हक्क आहे. पण खर्च पाहा. जाळी, वजनकाटा, मोजपट्टी, कातडीखाली बसवायच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपा, त्या वाचायचं हातातलं यंत्र, चार मुलांची शिष्यवृत्ती आणि वही. एका चौकातल्या कारंज्याच्या देखभालीपुढे ही यादी ठेवून पाहा. दुसरी गोष्ट जास्त टोकदार आहे: मोजून काय होतं, वाचवा ना. हे मला पटतच नाही असं नाही. जमैका बेमध्येही मोजणाऱ्यांना पिंजऱ्यांनी घरटी झाकावी लागली आणि कासवांना बाजारात विकणं तर न्यूयॉर्क राज्याने २०१८ मध्येच बंद केलं, इतकी वर्षं मोजून झाल्यावर. मोजणी आणि राखण दोन्ही हव्यात. पण कुठे राखायचं ते मोजल्याशिवाय कळत नाही. आपण अंडी राखू आणि मरत असतील मोठ्या माद्या गळाला लागून. किंवा आपण पाण्यात पिल्लं सोडायचा सोहळा करू, मंत्री येतील, आणि ती पिल्लं असतील कानाशी लाल पट्टा असलेली परदेशी. ही लाल पट्ट्याची कासवं लहानपणी रुपयाएवढी, हिरवीगार, काचेच्या भांड्यात घरोघर येतात. मोठी झाली की दया येऊन लोक तळ्यात सोडतात. जगातल्या शंभर वाईट उपऱ्या प्रजातींत त्यांचं नाव आहे. कृपया ती तळ्यात सोडू नका, वाईट वाटलं तरी.

मग मोजायचं कसं? समजा एका तळ्यात चाळीस कासवं पकडून खूण करून सोडली. महिन्याने पुन्हा चाळीस पकडली आणि त्यांत दहांवर खूण निघाली. म्हणजे तळ्यातल्या चौघांतलं एक आपल्या खुणेचं, आणि तळ्यात ढोबळमानाने एकशेसाठ. गणित सातवीतलं आहे. प्रत्यक्षात एकदा पकडलेलं कासव जाळ्याला बिचकतं, काही मरतात, काही पावसात दुसऱ्या तळ्याला जातात, म्हणून पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं करावं लागतं. टेरापिनसारख्या टणक पाठीच्या कासवांना कडेच्या खवल्यांवर कानशीने खाचा करतात, आपल्या मऊ पाठीच्या कासवांना चिप बरी. वजन, लांबी, नर की मादी, अंगावरच्या जखमा, गळ अडकलाय का.

आणि हे काम करायला सगळ्यात आधी ज्यांच्याकडे जावं ते आपले ढिवर बांधव. शहराच्या एका तळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणारे सत्तरीचे काका मला म्हणाले, "पहिले महिन्यातून दोन खेपा जाळं शिवा लागे बाप्पा, कासवं फाडत. आता शिवाच लागत नाही." मी इतके महिने शोधत होतो त्या आकड्याच्या सगळ्यात जवळ जाणारा पुरावा त्यांच्या सुई-दोऱ्यात होता. कासव जाळ्यात आलं की मासा पळतो, जाळं फाटतं, म्हणून ते त्यांचं आवडतं जनावर नाही. पण कोणत्या कोपऱ्यात, कोणत्या नक्षत्रात ती येतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. त्यांना माहिती देणारे म्हणून नाही, या कामाचे पगारी सहकारी म्हणून घ्यायला हवं. फाटलेल्या जाळ्याची भरपाई द्यायला हवी. ती दिली नाही तर वहीत खरं काही उतरणार नाही. एक भीती रास्त आहे: कुठल्या तळ्यात किती, हे छापलं की चोरून विकणारे तिथेच जातील. म्हणून संख्या जाहीर करावी, नेमक्या जागा वहीत ठेवाव्यात.

विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाने हे हाती घ्यावं असं मला वाटतं, कारण विद्यार्थी बदलतात, विभाग राहतो. एका पीएचडीची चार वर्षं कासवापुढे काहीच नाहीत. मिशिगनमधल्या एका राखीव जंगलात १९५३ पासून ब्लँडिंग जातीच्या कासवांची नोंद सुरू झाली. तिथल्या माद्या वयात यायलाच निदान चौदा वर्षं लागतात हे कळायला, आणि मोठी कासवं थोडीशी जरी काढून नेली तरी ती संख्या तग धरत नाही हे १९९३ साली मांडायला, किती जणांनी वही पुढच्याच्या हातात दिली असेल! तशी वही इथे अंबाझरीपासून सुरू करता येईल. मग गोरेवाडा, सोनेगाव, शहराबाहेरचा एखादा जुना मालगुजारी तलाव तुलनेसाठी. एवढी चार पुरे.

झडपांचं कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच रांगेत. त्यामुळे अभ्यासासाठीसुद्धा त्याला हात लावायला परवानगी लागते आणि ती लागावीच. कायद्याचं बारावं कलम त्यासाठीच आहे. अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करायचा, पहिल्या अनुसूचीतला प्राणी म्हणून त्याला केंद्राची पूर्वसंमती घ्यावी लागते. वेळासच्या वाळूपासून ताडोबाच्या वाघापर्यंत सगळ्या राज्याचे अर्ज ज्यांच्या टेबलावर येतात ते अधिकारी मुंबईत बसत नाहीत, पुण्यात बसत नाहीत. त्यांचं कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे. मी ज्या गवतात ते कासव ठेवलं, तिथून स्कूटरवर वीस मिनिटं.